मे महिन्यात पाळणाघराची फी किती? शाळकरी मुलांच्या सुट्टीचा दर ठरवण्याचा माझा हिशेब

"काकू, आत्ता अर्ध्या दिवसाचे साडेतीन हजार देतेय. मे महिन्यात पूर्ण दिवस, म्हणजे सात हजार ना?"

डोंबिवलीतल्या घरी पाळणाघर सुरू केलं, त्या पहिल्याच उन्हाळ्यात एका आईनं असं विचारलं आणि मी "हो" म्हणून मोकळी झाले. तिसरीतल्या पोरालाही पटेल असं गणित. जूनमध्ये वही उघडून बसले तेव्हा कळलं, की महिनाभर सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात राबून माझ्या हातात जवळपास काहीच उरलं नव्हतं. मदतीच्या ताईंना मात्र दिवसभराचा पगार मिळाला, महावितरणलाही मिळाला.

पूर्ण दिवस म्हणजे दोन अर्धे दिवस नव्हेत. शाळेच्या दिवसांत पहिली ते सातवीचं मूल आपल्याकडे दुपारी एकला येतं. येताना डबा खाल्लेला असतो, थोडं दमलेलं असतं. गृहपाठ करतं, चारला खाऊ खातं, साडेसहाला जातं. सुट्टीत तेच मूल सकाळी ताजंतवानं येतं, नाश्ता आणि जेवण आपल्याकडेच करतं आणि भर दुपारी, पंखा फुल असताना, "काकू, बोअर होतंय" म्हणतं. त्यामुळे सुट्टीचा दर शाळेच्या दिवसांच्या दरावरून काढायचाच नाही, पहिल्यापासून मांडायचा. खालचे आकडे माझ्या घरचे आहेत. नाशिकला किंवा सांगलीला ते वेगळे असतील, पण पद्धत तीच राहील.

आधी सुट्ट्यांचा तक्ता

फेब्रुवारीअखेर एक मोठा कागद घ्या. डावीकडे मुलांची नावं लिहा, वर आठवडे. प्रत्येक मुलाच्या शाळेची सुट्टी त्यात भरा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळा हिशेब यावर उभा आहे.

राज्य मंडळाच्या शाळांना साधारण मेच्या सुरुवातीपासून १४ जूनपर्यंत सुट्टी असते. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणजे नागपूरच्या पाळणाघराला दीडऐवजी जवळजवळ दोन महिने धरावे लागतात. सीबीएसईचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. त्या मुलांना मार्चअखेर परीक्षा संपल्यावर थोडे दिवस मोकळे मिळतात, मग शाळा, मग पुन्हा मेमध्ये सुट्टी. कॉन्व्हेंटमध्ये दिवाळीची सुट्टी आखडती आणि नाताळाची लांब. मुंबई-ठाण्याकडे गणपतीचे दिवस वेगळेच. शाळा दहावी-बारावीचं परीक्षा केंद्र असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये खालच्या वर्गांना मधूनच घरी बसवतात. निवडणूक असली की शाळेत मतदान केंद्र.

राज्यातल्या शाळांना वर्षाला एकूण ७६ सुट्ट्यांची मर्यादा आहे, रविवार सोडून. त्यातल्या बऱ्याच सणांना आईवडिलांनाही सुट्टी असते आणि आपणही बंद असतो. ते दिवस वजा केले की उरतात ते आपले खरे विकायचे पूर्ण दिवस. माझ्याकडे तक्ता भरल्यावर दिसतं, की मे वगळता अख्खा महिना सगळी मुलं पूर्ण दिवस आहेत असं कधीच होत नाही. म्हणून फक्त महिन्याचा एकच दर ठेवून भागत नाही.

शनिवारचंही आत्ताच विचारून घ्या. राज्य सरकारी कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. शनिवारी तीनच मुलं येणार असतील तर त्यांच्यासाठी कूलर, गॅस आणि ताईंचा दिवस चालवायचा का, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी चालवते. माझी मैत्रीण बंद ठेवते आणि माझ्यापेक्षा कमी दमते.

जागा किती?

शाळकरी मुलांना दर मिनिटाला बघावं लागत नाही, म्हणून जास्त मुलं घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. मोठ्या मुलांची भूक मोठी, भांडणं मोठी आणि मोबाइलवरून कटकट वेगळीच. मी आणि मदतीच्या ताई अशा दोघी मिळून ८ मुलं, त्यावर नाही. दुपारी दोन ते चार सोसायटीत शांतता हवी असते, हेही लक्षात ठेवा. दहावं मूल आलं की वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा फोन आलाच.

खर्च, एकेक करून

मे महिन्यात रविवार आणि १ मे वगळून २५ दिवस धरले. माझ्या वहीतला महिन्याचा खर्च असा:

मदतीच्या ताईंचा पूर्ण दिवसाचा पगार ९,०००.
वीज ३,०००.
गॅस ९००.
कागद, रंग, खेळ, चटया १,२००.
मोडतोड, औषधपेटी, अचानक खर्च १,५००.
माझे कष्ट २६,२५०.
एकूण ४१,८५०.

यातल्या दोन ओळींबद्दल सविस्तर बोलायला हवं.

पहिली विजेची. मे महिन्याच्या अख्ख्या बिलाचा बोजा पाळणाघरावर टाकायचा नाही, घरच्यांनीही पंखे लावलेलेच असतात. मागच्या वर्षीचं फेब्रुवारीचं आणि मेचं बिल शेजारीशेजारी ठेवा. फरकाचा मोठा वाटा मुलांचा. आणि फक्त युनिटं मोजू नका. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत, १००, ३०० आणि ५०० युनिटांना पुढचा टप्पा लागतो. एरवी अडीचशेत बसणारं घर मेमध्ये साडेचारशेवर गेलं, तर वरची युनिटं महाग दरानं पडतात, आणि ती महाग युनिटं मुलांमुळेच आलेली असतात.

दुसरी ओळ माझ्या कष्टांची. ही ओळ बायका लिहीतच नाहीत. "घरीच तर असते" असं आपण स्वतःच म्हणतो. मी साडेआठ ते सात, म्हणजे साडेदहा तास, २५ दिवस, एकूण २६२.५ तास काम करते. तासाला १०० रुपये धरले की २६,२५० होतात. १०० कुठून आणले? मी आजारी पडले तर माझ्या जागी दिवसभर विश्वासानं कोणाला उभं करायला किती द्यावे लागतील, ते विचारून. तुम्ही ८० धरा, १२० धरा, पण शून्य धरू नका. जागा भाड्याची असेल तर भाड्याचा वाटा वेगळा लिहा.

जेवण यात मुद्दाम घेतलेलं नाही, कारण तो खर्च मुलागणिक बदलतो. नाश्ता २०, दुपारचं जेवण ४५, चारचं खाणं २०, असे रोजचे ८५ रुपये, महिन्याचे २,१२५. यात पोहे, उपमा, वरणभात, उसळ-पोळी, शेंगदाण्याचा लाडू, कोकम सरबत येतं. आंबा येत नाही. मे महिना आहे, पोरं आमरस मागणारच आणि आयांना वाटतं, काकूंकडे रोज असेल. मी महिन्यातून दोनदा करते आणि तो खर्च मोडतोडीतून काढते, हे आमच्या घरातच गुपित आहे.

भागायचं कितीनं?

इथे बहुतेक जणी चुकतात. ४१,८५० ला ८ नं भागलं की ५,२३१ येतात. त्यात जेवणाचे २,१२५ मिळवले की ७,३५६. म्हणजे आठही जागा महिनाभर भरल्या तरी सात हजारांत मला तोटाच होता. त्या पहिल्या उन्हाळ्याचं कोडं इथे सुटलं.

पण मेमध्ये आठही जागा भरलेल्या कधी असतात? एक पंधरा दिवस आजीकडे, एकाच्या मामाचं लग्न, एकीच्या आईनं आठवडाभर रजा टाकलेली. ताईंचा पगार मात्र पूर्णच द्यायचा असतो. म्हणून भागताना एकूण जागांच्या पाऊण धरा. आठाच्या पाऊण सहा. ४१,८५० भागिले ६, म्हणजे ६,९७५. त्यात २,१२५ मिळवा. ९,१०० रुपये. हा माझा पूर्ण महिन्याचा, पूर्ण दिवसाचा, जेवणासकटचा दर. दिवसाला ३६४ आणि तासाला साधारण ३५.

आता शाळेच्या दिवसांशी ताडून पाहा. तिथे रोजचे साडेपाच तास, २५ दिवस, असे १३७.५ तास. ३,५०० भागिले १३७.५, म्हणजे तासाला साडेपंचवीस. आईला समजावताना मी हेच दोन आकडे सांगते आणि मधल्या साडेनऊ रुपयांत जेवण आहे, हे दाखवते. रोजचं ८५ रुपयांचं जेवण साडेदहा तासांवर वाटलं की तासाला आठ रुपये होतात. मग बहुतेक वेळा वाद राहत नाही.

आकडा आला की आसपासच्या तीन-चार पाळणाघरांत विचारा. फक्त "किती घेता" विचारू नका. जेवण आहे का, किती वाजेपर्यंत, शनिवार चालू का, मुलं किती, हेही विचारा. छंदवर्गांशी मात्र तुलना करू नका. दहा दिवसांचं, रोज दोन तासांचं शिबिर वेगळी गोष्ट आहे. तिथून मूल परत आल्यावर ते जातं कुठे? आपल्याकडेच. सकाळी पोहायला जाऊन अकराला येणाऱ्या मुलाची फी मी कमी करत नाही. त्याची जागा अडलेलीच असते आणि नेण्या-आणण्याची जबाबदारी वर येते.

तुमच्या भागात ९,१०० पेलत नसतील तर आधी कष्टांची ओळ खोडू नका. वेळ कमी करा. साडेआठ ते सातऐवजी नऊ ते सहा केलं, तर माझ्या कष्टांचे ३,७५० वाचतात आणि दर प्रत्येकी ६२५ नं उतरतो. किंवा दुपारचा डबा घरून आणायला सांगा, १,१२५ कमी होतील. एक इशारा देऊन ठेवते. काही मुलांचा डबा आणि काहींना आपलं जेवण असं करू नका. दुसऱ्याच्या ताटातली उसळ नेहमीच जास्त चांगली लागते.

महिना, आठवडा, दिवस

माझे दर असे: पूर्ण महिना ९,१००. पंधरवडा ५,०००. आठवडा, सहा दिवसांचा, २,४००. एक दिवस ४५०. जितकं सुटं, तितकं महाग. कारण एका दिवसासाठी येणाऱ्या मुलासाठीही जागा मोकळी ठेवावी लागते, आणि नवीन मूल रुळेपर्यंत पहिला दिवस रडण्यात नाहीतर मारामारीत जातो.

भावंडांना सूट द्यावी, पण जेवण वगळून, ६,९७५ वर. मी दुसऱ्या मुलाला दहा टक्के देते, म्हणजे साधारण ७००. जेवणावर सूट नाही, दुसरं मूल पोळ्या कमी खात नाही.

फक्त सुट्टीपुरती येणारी मुलं वेगळी. त्यांच्याकडून नोंदणीचे ५०० आणि पूर्ण पैसे आगाऊ घेते. डॉक्टरांचा नंबर, कशाची अ‍ॅलर्जी आहे, न्यायला कोण येणार, हे लिहून घेते. रोजच्या मुलांना जागा दिल्याशिवाय यांना "हो" म्हणत नाही.

दिवाळीत कूलर लागत नाही, म्हणून दिवसाला ३५०. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज बंद.

आजोळी जाणारं मूल

आता सगळ्यात नाजूक जागा. वर्षभर येणारं मूल मे महिना कोकणात आजीकडे जाणार. आई म्हणते, "येणारच नाही तर फी कशाला?" तिच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं. आपल्या बाजूनं पाहिलं तर जूनमध्ये तीच जागा तिला तशीच हवी असते, आणि ती मेमध्ये दुसऱ्याला कायमची दिली तर?

बरीच वर्षं मी फी माफ करत राहिले, कारण भांडायला संकोच वाटायचा. एका वर्षी पाच मुलं गावी गेली. त्या मेमध्ये मी ताईंचा पगार नवऱ्याकडून उसना घेतला. तेव्हापासून जागा राखण्याची फी सुरू केली. महिनाभर न येणाऱ्या मुलासाठी शाळेच्या दिवसांच्या फीचे निम्मे, म्हणजे १,७५०. पंधरवड्याचं पॅकेज घेतलं तर ही फी नाही. आणि ती जागा महिनाभरासाठी सुट्टीच्या मुलानं भरली, तर घेतलेले १,७५० जूनच्या फीत वळते करते. दोनदा पैसे घेतल्याचा संशय कोणाच्या मनात राहत नाही.

ज्यांना मेचा मोठा आकडा एकदम झेपत नाही, त्यांना वर्षाची फी सारखी वाटून देता येते. शाळेचे दहा महिने ३५,०००, उन्हाळ्याचा दीड महिना १३,६५०, दिवाळीचे १३ दिवस ४,५५०. बेरीज ५३,२००, महिना ४,४३३. पगारदार घरांना हे आवडतं. पण जूनपासून जूनपर्यंतच करा आणि मध्येच सोडल्यास हिशेब पुरा करायचा, हे लिहून घ्या. नाहीतर एप्रिलमध्ये आलेलं मूल पूर्ण उन्हाळा स्वस्तात राहून जूनमध्ये निघून जातं.

रात्री साडेनऊला जाहीर झालेली सुट्टी

जुलै-ऑगस्टमध्ये अतिवृष्टीचा इशारा येतो, जिल्हाधिकारी किंवा महापालिका शाळा बंद करते, ऑफिसं चालू. रात्री मेसेज: "काकू, उद्या सकाळपासून सोडू का?" याचा दर आधीच ठरलेला हवा, त्या रात्री घासाघीस करायची नाही. माझ्याकडे जादा ५ तासांचे १७५ आणि नाश्ता-जेवणाचे ६५, असे २४० होतात. मी २०० घेते, कारण त्या दिवशी खिचडी-पापडच असतो. आणि लोकल बंद पडली तर उशिराचा दंड नाही. ठाण्याला अडकलेल्या बाईला पन्नास रुपयांचा हिशेब सांगायचा नसतो.

एरवी सव्वासातनंतर दर अर्ध्या तासाला ५०. पण रोजच उशीर होणाऱ्यांना दंड लावत बसू नका, वाढीव वेळ विका. सरकारी कार्यालयं सव्वासहाला सुटतात. मंत्रालयातून निघून डोंबिवलीला पोचेपर्यंत पावणेआठ होतात, यात त्या आईची काही चूक नाही. तिला आठपर्यंतचे महिना ८०० सांगते. ती धावत, माफी मागत येत नाही आणि मीही घड्याळाकडे बघत बसत नाही.

सांगायचं कधी आणि कसं?

मार्चच्या पहिल्या आठवड्यात. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मेच्या पहिल्या आठवड्यात कोकणात किंवा नागपूरला जायचं असेल तर तिकीट मार्चच्या सुरुवातीला काढावं लागतं. ज्या दिवशी तिकीट निघतं, त्या दिवशी मुलाचा मे ठरतो. आपला दर त्याआधी पोचला पाहिजे. एप्रिलअखेर सांगितलेली वाढ कितीही रास्त असली तरी अडवणूक वाटते.

ग्रुपवर घासाघीस सुरू होते, म्हणून मी प्रत्येकीला वेगळा मेसेज पाठवते:

"नमस्कार ताई. उन्हाळी सुट्टीत पाळणाघर सोमवार ते शनिवार, सकाळी ८.३० ते ७ चालू राहील. नाश्ता, जेवण, चारचं खाणं धरून पूर्ण महिना ९,१००, पंधरवडा ५,०००, आठवडा २,४००, एक दिवस ४५०. महिनाभर येणार नसल्यास जागा राखण्याचे १,७५०. जागा भरली तर ते जूनमध्ये वळते करू. १ मे आणि रविवार बंद. तुमचा बेत २० मार्चपर्यंत कळवा. निम्मे पैसे तेव्हा, बाकीचे २५ एप्रिलपर्यंत. त्यानंतर उरलेल्या जागा बाहेरच्या मुलांना देईन."

शेवटचं वाक्य काढू नका. तेच वाचून उत्तरं येतात.

दादा लोकांना फोन केलेला बरा, ते मेसेज वाचतात आणि "हिला विचारतो" म्हणून विसरतात.

पैसे यूपीआयवर घ्या आणि पावती द्या, नाव, महिना, रक्कम, सही. काही कंपन्या पाळणाघराचा खर्च परत देतात, त्यासाठी आया पावती मागतात. कोणी जीएसटीचं बिल मागितलं तर घाबरू नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवेसाठी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसताना जीएसटी लावताही येत नाही. रद्द केल्यास १५ एप्रिलपर्यंत पूर्ण परत, त्यानंतर निम्मे, सुट्टी सुरू झाल्यावर काही नाही. आजारपणात मात्र सलग चार दिवसांहून जास्त गेले तर मी जेवणाचे पैसे परत देते. नियमात लिहिलेलं नाही, पण देते.

१५ जूनला वही उघडा

मुलं शाळेत गेली की त्याच दिवशी चार आकडे लिहून ठेवा. रोज सरासरी किती मुलं आली, मेचं वीजबिल, सिलिंडर किती लागले, रात्री किती वेळा पाय सुजले. शेवटचा आकडा हसण्यावारी नेऊ नका, पुढच्या वर्षी जागा आठ ठेवायच्या की सात, ते त्यावरून ठरतं. गेल्या मे महिन्यात माझ्याकडे आठ जागांपैकी सरासरी सव्वासहा भरल्या. येत्या वर्षीही सहानंच भागणार आहे. आंब्याला मात्र या वेळी वेगळी ओळ.